बर्फाखालचा गाळ: हिमनदी घसरते ती नेमकी कशावर?

काळीमाती (परभणी)

गेली चौदा वर्षं मी माती तपासते. धरणाचा भराव, कालव्याचा पाया, पुलासाठी खांदलेले खड्डे, जिथून नमुना येईल तिथला. काम साधं असतं. पितळी पेटीत माती भरायची, वर वजन ठेवायचं आणि पेटीचा वरचा अर्धा भाग आडवा ढकलायचा. किती जोर लावल्यावर माती तुटून सरकते ते काट्यावर दिसतं. वजन वाढवलं की माती जास्त जोर धरते. पाणी भरू दिलं आणि निघायला वाट दिली नाही, तर तीच माती हाताच्या थोड्या जोरानेही सुटते.

मागच्या पावसाळ्यात भाच्याने विचारलं, "मावशी, अंटार्क्टिकाचा बर्फ समुद्रात सरकायलाय म्हणतात, तर तो सरकतो कशावर?" मी म्हणाले, बर्फ निसरडाच असतो की. हे उत्तर चूक होतं. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की जगातले हिमनद्यांचे अभ्यासक माझ्यासारखीच पेटी घेऊन बसलेत. त्यांच्या पेटीतली माती बर्फाखालून आलेली, एवढाच फरक. म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात मूळ गोष्ट. हिमनदी तीन तऱ्हांनी पुढे जाते. बर्फ स्वतःच्या वजनाने आतून हळूहळू वाकतो, मेणासारखा. हे सगळ्या हिमनद्यांत होतं, पण त्याने फार वेग येत नाही. दुसरं, तळ वितळायच्या बेतात असेल तर बर्फ खडकावरून घसरतो. आणि तिसरं, तळाशी खडकाऐवजी गाळ असेल तर तो गाळच बर्फासोबत सरकतो. गाळ म्हणजे धरणातला गाळ नव्हे. चिकणमाती, वाळू, खडी, डोक्याएवढे धोंडे, सगळं एकत्र कालवलेलं. बर्फाने दळून आणि खरवडून तयार केलेलं. आपण त्याला हिमगाळ म्हणू.

सगळ्यात थक्क व्हायला झालं ते एका हिशोबाने. पश्चिम अंटार्क्टिकात व्हिलन्स नावाचा हिमप्रवाह आहे, म्हणजे आजूबाजूच्या बर्फापेक्षा वेगाने सरकणारा बर्फाचा पट्टा. बर्फाची जाडी किलोमीटरच्या आसपास, वेग दिवसाला साधारण एक मीटर. उतार किती, तर किलोमीटरला एक-दीड मीटर. आपल्याकडे एवढ्या उतारावर पाटाचं पाणीसुद्धा रेंगाळतं.

आता बर्फाचं वजन बघा. १००० मीटर जाडीचा बर्फ दर चौरस मीटरवर साधारण ९०० टन भार टाकतो. तिथल्या गाळाचा घर्षणकोन प्रयोगशाळेत २४ अंशांच्या आसपास भरलाय, म्हणजे घर्षण वजनाच्या ०.४५ पट. गाळ कोरडा असता तर त्याने चौरस मीटरमागे ४०० टन अडवलं असतं. आणि एवढ्या सपाट उतारावर बर्फाला पुढे ओढणारं बल किती? चौरस मीटरमागे जेमतेम एक टन. चारशेसमोर एक! हा बर्फ जागचा हलायलाच नको होता.

तो हलतो, कारण ते ९०० टन गाळाच्या कणांवर नसतातच. गाळातलं पाणी दाबाखाली आहे आणि जवळजवळ सगळा भार त्या पाण्याने तोलून धरलाय. कणांच्या वाट्याला येतो तो उरलेला इवलासा हिस्सा, आणि घर्षण फक्त त्या हिश्श्याचं. १९९० च्या सुमारास तिथे गरम पाण्याने बर्फात भोकं पाडून तळाचा गाळ वर काढला. त्याची ताकद चौरस मीटरमागे फक्त २०० किलोच्या आसपास निघाली. दोन पोत्यांचं ओझं. वर ९०० टन बर्फ असताना!

तुमचे अनुभव लिहा. शेतातले, धरणावरचे, डोंगरातले. मला वाटतं, आपल्या भागातल्या माणसाला हा विषय पुस्तकाविना अर्धा कळतो.

पऱ्हाटी (वसमतजवळ)

ताई, हिमनदी मी कधी पाह्यली नाही, पण तुमचं ते पाण्याने भार धरायचं बरोबर ध्यानात आलं. सांगतो.

आमची जमीन भारी काळी. जुलैत एक मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घालू नये, हे सगळ्यांला ठाऊक. तरी मी एकदा हळदीच्या रानात घातला. टायरच्या खाचा गाळाने भरल्या, चाक गुळगुळीत गोल झालं आणि जागेवरच फिरायलं. ट्रॅक्टरचं वजन होतं तेवढंच, इंजिन होतं तेवढंच, पण खालची माती धरेना. मग पोरांनी सांगितलं म्हणून वजन वाढवायला मागे चार जण उभे केले. उपयोग शून्य. वजन वाढलं की चिखल बाजूला सरायचा आणि चाक अजून खाली जायचं.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, वाफसा आला. त्याच रानातून तोच ट्रॅक्टर सरळ निघाला. म्हणजे जमीन तीच, पण तिच्यातलं पाणी निघून गेल्यावर ती माती झाली. तवर ती निस्ती राबडी होती.

माझा प्रश्न असाय की बर्फाखाली वाफसा येतो का कधी? म्हणजे पाणी निघून जाऊन गाळ घट्ट झाला, असं होतं का?

बालाघाट (अंबाजोगाई)

पऱ्हाटी, तुमचे चार जण मागे उभे करणे हे फार नेमके उदाहरण आहे. संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेल्या चिकणमातीवर वजन अचानक टाकले की ते आधी पाण्यावर जाते. पाणी निघायला वेळ मिळाल्याशिवाय कणांमधले घर्षण वाढत नाही. म्हणून वजन वाढूनही पकड वाढली नाही. कार्ल तेर्झागी यांनी १९२० च्या दशकात हाच नियम मांडला: मातीची ताकद एकूण दाबावर नाही, एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा केल्यावर जे उरते त्यावर ठरते. मातीच्या धरणांचे सगळे शास्त्र यावर उभे आहे.

मी नोकरीत असताना एका पाझर तलावाचा बांध आतल्या बाजूने घसरला होता. तलाव काठोकाठ भरला तेव्हा काही झाले नाही. गळती थांबवायची म्हणून घाईने पाणी सोडले आणि दोन दिवसांत पातळी खाली आणली, तेव्हा पाण्याकडच्या उताराचा मोठा लचका तुटून खाली बसला. गावकरी म्हणाले, पाणी होते तेव्हा टिकला, पाणी गेल्यावर कसा पडला? कारण बाहेरचे पाणी उतरले, पण भरावातले पाणी आतच अडकलेले होते आणि त्याचा दाब तसाच होता. बाहेरून धरून ठेवणारा आधार मात्र गेला. त्या तुटलेल्या जागेवर मी उभा राहिलो होतो. घसरलेला पृष्ठभाग साबण लावल्यासारखा चकचकीत होता, आणि त्याच्या वरची व खालची माती बोटाने दाबली तर घट्ट लागत होती. सरकणे एका पातळ थरातच झाले होते.

हिमगाळाबाबतही हाच मोठा वाद झाला, असे मी वाचले आहे. गाळाचा पूर्ण थर मधासारखा संथ वाहतो, की एका मर्यादेपर्यंत अजिबात हलत नाही आणि मर्यादा ओलांडली की सुटतो? काळीमाती ताईंनी यावर लिहावे.

काळीमाती

बालाघाट सर, त्या चकचकीत थराबद्दल लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला. पेटी उघडल्यावर मी तोच थर रोज बघते.

आधी पऱ्हाटीदादांचं उत्तर. होय, बर्फाखाली वाफसा येतो! व्हिलन्सच्या शेजारी काम्ब नावाचा हिमप्रवाह आहे. तो साधारण दीडशे वर्षांपूर्वी थांबला. पूर्वी तो वेगात होता हे कळलं कसं, तर त्याच्या कडेला पडलेल्या भेगा आता नव्या बर्फाखाली गाडल्या गेल्यात आणि रडारने त्या दिसतात. भेगांवर किती जाडीचा बर्फ साठलाय त्यावरून थांबल्याचा काळ काढला. थांबण्याची कारणं दोन सांगतात. तळाचं पाणी गोठून बर्फाला चिकटत गेलं, किंवा ते दुसऱ्या वाटेला वळलं. दोन्हीत गाळातलं पाणी कमी झालं, कण एकमेकांवर बसले आणि गाळाने बर्फ धरला. शेजारी-शेजारी दोन प्रवाह, बर्फ तोच, हवा तीच. एक दिवसाला मीटरभर जातो आणि दुसरा वर्षाला काही मीटर. फरक वाफशाचा.

आता तो वाद. १९८६ साली भूकंपलहरींच्या मोजमापातून पहिल्यांदा दिसलं की व्हिलन्सखाली, तेव्हा त्याला हिमप्रवाह 'ब' म्हणत, काही मीटर जाडीचा मऊ, पाण्याने भरलेला गाळ आहे. त्याच सुमारास आइसलंडमधल्या एका हिमनदीच्या टोकाला गाळात खुंट्या पुरून तो किती सरकतो ते बघितलं होतं. त्यावरून गाळ दाट द्रवासारखा वाहतो, जोर थोडा वाढवला की वेग थोडा वाढतो, असं सूत्र मांडलं गेलं. गणिताला ते सोयीचं होतं. पण बर्फाखालून प्रत्यक्ष आणलेला गाळ पेटीत घातला तेव्हा तो द्रवासारखा वागलाच नाही. ठरावीक जोरापर्यंत तो हलत नव्हता आणि एकदा सुटला की वेग दुप्पट केला काय, दहापट केला काय, अडवण्याचा जोर जवळजवळ तेवढाच राहत होता. म्हणजे आपल्या मातीसारखंच.

हा फरक कागदावर छोटा वाटेल, पण समुद्र किती चढेल याचं गणित इथे येऊन अडतं. गाळ द्रवासारखा असेल तर बर्फाने वेग घेतला की खालून अडथळाही वाढत जातो, एक नैसर्गिक लगाम राहतो. गाळ मातीसारखा वागला तर एका मर्यादेनंतर तो लगाम वाढत नाही.

बीएस्सी_तिसरं (नांदेड)

मॅडम, आम्हाला शिकवलंय की बर्फावर दाब पडला की तो वितळतो आणि म्हणून हिमनदी घसरते. तारेचा प्रयोगही केला होता. बर्फाच्या लादीवर तार टाकून दोन्ही बाजूंना वजनं टांगली, तार लादीतून आरपार गेली आणि लादी परत जुळली. मग खाली पाणी येण्यासाठी दाब पुरेसा आहे ना? गाळाचा एवढा विचार कशाला?

काळीमाती

तारेचा प्रयोग खरा आहे आणि हिमनदीखाली तो रोज घडतो. पण किती, हे बघायला हवं. किलोमीटरभर बर्फाच्या दाबाने वितळणबिंदू एका अंशाहूनही कमी खाली येतो. त्यामुळे वरचा बर्फ उणे वीस अंशांवर असेल तर निव्वळ दाबाने तळ वितळत नाही. पाणी येतं ते पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने आणि घसरताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेने. वरचा जाड बर्फ गोधडीचं काम करतो, ती उष्णता वर निसटू देत नाही.

दाबाचं खरं काम खडकाळ तळावर दिसतं. खडकाला उंचवटा आला की त्याच्या वरच्या अंगाला, जिथून बर्फ येऊन धडकतो, तिथे दाब वाढतो, बर्फाचा पातळ पापुद्रा वितळतो, पाणी उंचवट्याला वळसा घालून मागे जातं आणि मागे दाब कमी म्हणून तिथे परत गोठतं. तुमच्या तारेसारखंच. योहानेस वेर्टमन यांनी १९५७ मध्ये यावर घसरणीचं पहिलं सूत्र मांडलं. त्यातली सुंदर गोष्ट अशी, की लहान उंचवट्यांना बर्फ असा वितळून-गोठून ओलांडतो आणि मोठ्या उंचवट्यांना वाकून. मधल्या मापाच्या उंचवट्यांना दोन्ही उपाय नीट जमत नाहीत. म्हणून सगळ्यात जास्त अडवतात ते ना गोटे ना टेकड्या, तर हे मधले.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ब्लू हिमनदीखाली बोगदा खणून माणसं खरोखर तळापर्यंत गेली. खडकाला टेकलेला तो परत गोठलेला थर त्यांनी डोळ्यांनी पाहिला. वेग जास्त असेल तर उंचवट्याच्या मागे बर्फ खडकाला टेकतच नाही, तिथे पोकळी राहते आणि ती पाण्याने भरते. पोकळ्या वाढल्या की बर्फ टेकायला जागा कमी, घर्षण कमी. म्हणजे खडकाळ तळावरही अडथळ्याला वरची मर्यादा आहे. गाळावर वेगळ्या वाटेने जे होतं, तेच.

नि_हवालदार (बीड जिल्हा)

मी सियाचिनला ड्युटी केलेली आहे. शास्त्र मला नाही कळत, जे पाहिलं ते लिहितो.

हिमनदी गप्प नसते. रात्री तंबूत पडलं की खालून आवाज येतो. कधी कडकन, जसं वाळलेलं लाकूड मोडावं, कधी लांबून गडगड. नवीन आलेले जवान दचकतात. आम्हाला सांगितलं होतं, बर्फ चाललाय.

दुसरी गोष्ट पाण्याची. हिमनदीच्या तोंडातून नुब्रा नदी निघते. मला वाटलं होतं, बर्फाचं पाणी म्हणजे काचेसारखं असेल. तसं नाही. उन्हाळ्यात ते राखाडी असतं, सिमेंट कालवल्यासारखं. एकदा प्लास्टिकच्या बाटलीत भरून तंबूत ठेवलं. सकाळी वरचं पाणी बरंच निवळलं होतं आणि बुडाशी बोटाच्या पेराएवढा राखाडी थर बसला होता. चिमटीत घेऊन चोळला. पीठ. जोंधळ्याचं पीठ असतं ना, त्याहून बारीक. त्यात एक कणही टोचला नाही.

सुट्टीवर आलो तेव्हा आईला सांगितलं, तिकडं डोंगर दळला जातो. ती म्हणाली, मग जातं केवढं असेल.

काळीमाती

दादा, तुमच्या आईंचा शब्द मी इथून पुढे वापरणार. जातंच आहे ते. जात्याची वरची तळी बर्फाची आणि त्यात रुतलेले धोंडे म्हणजे टाकीचे दात.

त्या पिठावरून माझ्याच उदाहरणातली एक चूक दुरुस्त करते. आपली काळी माती आणि ते पीठ दिसायला दोन्ही बारीक, पण जात वेगळी. काळी माती बेसाल्ट खडक हजारो वर्षं कुजून, रासायनिकरीत्या बदलून झालेली. तिचे कण पत्र्यासारखे चपटे, पाणी पिऊन फुगणारे, एकदा सरकले की एकमेकांवरून सहज घसरणारे. हिमनदीचं पीठ म्हणजे नुसता दळलेला खडक. कण बारीक पण टोकदार, एकमेकांत अडकणारे. म्हणून पाण्याचा दाब सारखा असेल तर तो गाळ काळ्या मातीपेक्षा जास्त धरतो. काही ठिकाणी मात्र जुना समुद्रतळाचा चिखलही त्यात मिसळलेला असतो, व्हिलन्सखाली तसंच आहे. थोडक्यात, खालचा खडक कोणता होता यावर गाळाची पकड ठरते.

आणखी एक, हे गोदाकाठी करून बघा. गंगाखेडला किंवा कुठेही नदीकाठच्या ओल्या, घट्ट बसलेल्या वाळूत पाय दाबा. पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट होते. दाबल्यावर पाणी वर यायला हवं, उलट ते आत ओढलं जातं! घट्ट बसलेले कण सरकायचे तर एकमेकांवर चढावे लागतात, त्यांच्यामधली जागा वाढते आणि आजूबाजूचं पाणी त्या जागेत शिरतं. तेवढा वेळ कणांमधल्या पाण्याचा दाब पडतो आणि वाळू घट्ट होते. बर्फाखालच्या घट्ट गाळात हेच घडतं. सरकायला लागताच तो स्वतःला आवळून घेतो आणि घसरण मंदावते. मग हळूहळू पाणी झिरपत येतं, दाब परत चढतो, परत सुटतो.

तेरणाकाठ (औसा तालुका)

हे अडकणं आणि सुटणं वाचून लिहावंसं वाटलं. मी १९९३ ला सात वर्षांचा होतो. ३० सप्टेंबरची पहाट विसरत नाही. आमच्या घराच्या दगडमातीच्या भिंती आत पडल्या. आजी गेली. मोठा झाल्यावर भूकंप म्हणजे काय ते समजून घ्यायची ओढ लागली, ती अजून आहे. दोन खडक एकमेकांना धरून बसतात, ताण साठत जातो आणि एका क्षणी घर्षण हरतं, इथवर मला माहीत आहे. बर्फाखालीही असंच होतं का? तिथे भूकंप होतात?

काळीमाती

दादा, आजींबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे परभणीतही त्या पहाटे भांडी पडली होती, पण तुम्ही जे पाहिलंत त्याची त्याला सर नाही.

होय, होतात. व्हिलन्सच्या खालच्या टोकाचा प्रचंड मोठा तुकडा दिवसातला बहुतेक वेळ जवळजवळ थांबलेला असतो. मग अर्ध्या तासाच्या आसपास तो एकदम अर्धा मीटरभर पुढे जातो आणि पुन्हा थांबतो. असं दिवसातून दोनदा, आणि वेळ जुळते समुद्राच्या भरती-ओहोटीशी. जीपीएस लावल्यावर २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या एका सरकण्यात जेवढं काम होतं ते ७ तीव्रतेच्या भूकंपाएवढं. आपला किल्लारीचा ६.२ च्या आसपास होता. पण तिथे उभ्या माणसाला काही जाणवणार नाही, कारण किल्लारीत जे काही सेकंदांत झालं ते तिथे अर्ध्या तासावर पसरतं. त्याच्या लहरी शेकडो किलोमीटरवरच्या भूकंपमापकांवर उमटतात.

अडकतं ते सगळीकडे नाही. तळाशी काही जागा अशा असतात जिथे गाळ कोरडा, घट्ट किंवा खडक वर आलेला असतो. त्या थोड्या जागा बाकी सगळ्या मऊ तळाचा भार धरून बसतात. मी वर हिशोब दिला होता ना, ओढणारं बल टनभर आणि मऊ गाळाची ताकद २०० किलो? उरलेलं कोण धरतं? या अडणाऱ्या जागा आणि प्रवाहाच्या दोन्ही कडांचा थांबलेला बर्फ.

बालाघाट

मला एक शंका आहे. पाणी जितके जास्त तितका वेग जास्त, असे या चर्चेतून कुणी समजेल. ते खरे नसावे. आमच्या भरावात आम्ही वाळूचा निचरा थर घालतो, तो पाण्याला वाट देतो आणि दाब उतरवतो. बर्फाखाली पाणी खूप झाले तर ते स्वतःची वाट काढणार नाही का?

काळीमाती

सर, काढतं. ग्रीनलंडमध्ये उन्हाळ्यात बर्फावर तळी साठतात. २००६ मध्ये त्यातलं एक, साडेपाच चौरस किलोमीटरचं, दीड तासाच्या आत तळाला भेग पडून रिकामं झालं. खाली जवळपास किलोमीटरभर बर्फ होता. एवढं पाणी अचानक तळाशी गेलं, बर्फ उचलला गेला आणि सरकला. पण काही काळाने वेग उतरला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तळाशी पाणी बारीक पोकळ्यांत आणि गाळात पसरलेलं असतं, दाब जास्त, म्हणून बर्फ जोरात जातो. पाणी येतच राहिलं की ते वाहताना उष्णतेने बर्फात बोगदे कोरतं. मोठ्या बोगद्यात दाब कमी, मग आजूबाजूचं पाणी तिकडे ओढलं जातं आणि तळ घट्ट होतो. पाणी एकूण किती यापेक्षा ते अचानक येतं की सवयीने, याला जास्त महत्त्व आहे.

पऱ्हाटी

म्हणजे चर काढल्यासारखं. रानात पाणी तुंबलं की आम्ही उताराला चर काढतो. पाणी चराला लागलं की दोन दिवसांत वाफसा. चर नसला तर तेवढ्याच पाण्यात रान महिनाभर चिबडतं. कामून ते आत्ता कळालं.

काळीमाती

अगदी तेच. आणि चराची तोंडं हिवाळ्यात वरच्या बर्फाच्या वजनाने बुजून जातात. दरवर्षी नव्याने काढावी लागतात.

गेल्या रविवारी मी आणि भाच्याने घरी एक प्रयोग केला. डब्यात तळाला खडी अर्धी बाहेर राहील अशी बसवून पाणी गोठवलं. मग घमेल्यात नदीचा गाळ पसरून ती खडी लावलेली लादी त्यावर ठेवली आणि ताणकाट्याने ओढली. गाळ अगदी पातळ होता तेव्हा लादी हाताच्या ओढीने गेली आणि खडीने मागे काहीच ठेवलं नाही. चिखल परत मिळून आला. गाळ थोडा आवळल्यावर मजा आली. हळू ओढली तर खडीभोवतीचा बर्फ वितळून खडी लादीत हलायला लागली, गाळाला ओरखडा नाही. जोर वाढवत गेलो तसा काटा चढत गेला, आणि एका ठिकाणी खडीने गाळ नांगरायला सुरुवात केली. त्यानंतर वेग वाढवला तरी काटा पुढे गेला नाही. भाचा दोनदा म्हणाला, "मावशी, काटा अडकला का?" अडकला नव्हता.

आमच्या प्रयोगाला शास्त्र म्हणणार नाही, बर्फ वितळत होता आणि हात थरथरत होता. पण हाच प्रयोग २०२० मध्ये लुकास झोएट आणि नील आयव्हर्सन यांनी अमेरिकेत नीट केला. बर्फाचं मोठं कडं, वितळणबिंदूवर ठेवलेलं, खाली खराखुरा गाळ, आणि कडं गोल गोल फिरवायचं. त्यांना हेच दिसलं. सावकाश वेगाला बर्फ गाळावरच्या गोट्यांना वळसा घालून घसरतो आणि वेगासोबत अडथळा वाढतो. एका टप्प्याला गोटे गाळ नांगरू लागतात, आणि तिथून पुढे अडथळा गाळाच्या स्वतःच्या ताकदीवर थांबतो. खडकाचं सूत्र आणि मातीचं सूत्र एकाच रेषेची दोन टोकं निघाली. मला हे वाचून इतका आनंद झाला की मी तो आलेख कापून टेबलावर लावलाय.

पैनगंगाकाठ (किनवट)

उशिरा आलो, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे सगळं बघायला अंटार्क्टिकाला जायची गरज नाही. आपली पैनगंगा हिंगोली, नांदेडच्या शिवेवरून वाहत जाते, सहस्रकुंडाला उडी घेते आणि पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळायला जाते. तिथे इरई गावाजवळ नदीकाठी चुनखडकाची फरशी उघडी पडलेली आहे. तिच्यावर हिमनदीने मारलेले ओरखडे आहेत! फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये त्यांची नोंद केली. काळ साधारण २९ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा, जेव्हा भारत गोंडवन या जुन्या महाखंडात दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. आपला दख्खनचा बेसाल्ट त्यानंतर बावीस-तेवीस कोटी वर्षांनी आला.

मी शाळेच्या मुलांना घेऊन गेलो होतो. खडक गुळगुळीत, जणू पॉलिश केलेला, आणि त्यावर एका दिशेने गेलेल्या समांतर रेघा. मुलांना म्हणालो, डोळे मिटून बोट फिरवा. रेघेच्या दिशेने बोट निसटतं, आडवं फिरवलं की खरखर लागते. एका मुलीने विचारलं, "सर, रेघ इथे सुरू होते आणि हातभर जाऊन संपते, कामून?" तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आता या धाग्यावरून वाटतं, तळातला एखादा दगड बर्फाने घट्ट धरून खडकावर ओढला, आणि मग तो फिरला किंवा त्याचं टोक झिजलं, आणि रेघ तिथे संपली. ताई, बरोबर आहे का?

आणि त्या फरशीच्या वर त्याच हिमकाळातला, तालचीर नावाने ओळखला जाणारा गोटेमिश्रित थर आहे. धोंडे, खडी, बारीक माती, सगळं एकत्र थिजून दगड झालेलं. म्हणजे खाली खडकाचा तळ आणि वर गाळाचा तळ, दोन्ही एकाच जागी.

काळीमाती

सर, बरोबर आहे. तिसरी शक्यता अशी, की दगडाखाली पाण्याचा दाब चढला आणि दगड क्षणभर खडकावरून उचलला गेला. त्या मुलीला सांगा, तिने फार चांगला प्रश्न विचारला.

चौदा वर्षं या मातीत हात आहेत आणि पैनगंगेच्या काठाला हे आहे हे मला ठाऊक नव्हतं. तो गोटेमिश्रित थर हातात घेऊन बघायचाय. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन येते. किनवटहून सकाळी किती वाजता निघावं लागेल?

पैनगंगाकाठ

पाच वाजता. उन्हं तिरपी असतानाच रेघा नीट दिसतात, दुपारी खडक नुसता पांढरा चमकतो. आणि पाऊस लांबला तर पाणी फरशीवर असेल, म्हणून निघायच्या आधी मला फोन करा. पऱ्हाटीदादा, हवालदारसाहेब, तुम्हीही या. गाडीत जागा आहे.

पऱ्हाटी

हळद काढायच्या आत असलं तर येतोच. त्या पोरीला पण घेऊन या सर.